अंधार मोजणाऱ्या गावडेबाई

गावडेबाईंसमोर 'आज काय उकडतंय!' असं म्हणायची सोय नव्हती. लगेच मान वर व्हायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि प्रश्न यायचा, "कशाच्या मानानं?"

"मॅडम, उकडतंय म्हणजे उकडतंय."

"तसं नव्हे गं. कालच्या मानानं? का तू आत्ता तीन जिने चढून आलीस, त्याच्या मानानं?"

त्या चेष्टा करत नसत. त्यांना उत्तर खरोखर हवं असायचं. डब्यातली भाजी खारट झालीय म्हटलं, की त्या स्वतःच्या डब्यातली भाजी पुढे करायच्या, "आता ही खाऊन सांग." नवीन लागलेल्या एका मुलानं एकदा मोठ्या उत्साहानं "मॅडम, सेन्सर एकदम झकास चाललाय," असं सांगितलं. बाईंनी वहीतून डोकं न काढता विचारलं, "झकास म्हणजे किती?" तो आठवडाभर कंपनीत कुणाला 'झकास' म्हणाला नाही.

डॉक्टर शालन गावडे. समोर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो आणि मागे बाई. साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचे दोन गाळे होते. शेजारी साचे बनवणारे, खाली खोके छापणारे, समोर चष्म्याच्या फ्रेमा पॉलिश करणारे, आणि मध्ये आम्ही, उपग्रहावर बसवायची छोटी उपकरणं बनवणारे. कुरियरवाल्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. "इधर सॅटेलाइट?" असं म्हणत तो पार्सल द्यायचा आणि आत डोकावून बघायचा. दिसायचं काय, तर चहाचे कप, सोल्डरचा धूर आणि एका दारावर लावलेला जाड काळा पडदा. त्या पडद्यामागची अंधारखोली म्हणजे बाईंचं राज्य.

बाईंचं काम कॅलिब्रेशनचं. ते काम काय, हे मी घरच्यांना पुष्कळदा समजावून सांगितलंय, तसंच इथं सांगते. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर वर, जिथं हवा जवळजवळ संपलेली असते, तिथला ऑक्सिजन रात्री अगदी मंद हिरवा उजळतो. दिवसा सूर्याकडून घेतलेलं तो रात्रभर हळूहळू परत देत असतो. हा उजेड शहरातून आपल्याला दिसत नाही, पण उपग्रहावरच्या सेन्सरला दिसतो. त्याच्या कमीजास्त होण्यावरून वरच्या हवेतले वारे, लाटा, तापमान यांचा अभ्यास करतात. आता सेन्सर फक्त आकडा देतो. तो म्हणतो चारशे. पण चारशे म्हणजे किती उजेड? उपकरण गरम झाल्यावरचे चारशे आणि गार असतानाचे चारशे एकच का? हे सगळं उपकरण जमिनीवर असतानाच ठरवून द्यावं लागतं. एकदा वर गेलं की त्याला कुणाचा हात लागत नाही. बाई म्हणायच्या, "मुलगी सासरी गेली तर निदान दिवाळीला येते. हे येत नाही."

मी त्या कंपनीत मुलाखतीला गेले तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री ताजी होती आणि उत्तरं पाठ होती. बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. कशालाच न जोडलेला एक मीटर त्यांनी माझ्यासमोर ठेवला, चालू केला आणि म्हणाल्या, "किती?"

"शून्य," मी म्हटलं. काही जोडलेलंच नव्हतं.

"मी काय असायला हवं ते नाही विचारलं. वाचून सांग."

मी वाकून पाहिलं. शेवटच्या घरात एक बारका आकडा सारखा हलत होता. मी तो सांगितला. बाई हसल्या. "काहीच नसतानासुद्धा प्रत्येक यंत्र काहीतरी दाखवतं. ते आधी बघायचं. मग बाकीचं." मुलाखत तिथंच संपली. मुलुंडला घरी पोचेपर्यंत मला वाटत होतं की आपली वाट लागली. दुसऱ्या दिवशी फोन आला, सोमवारपासून ये.

अंधारखोलीचे नियम कडक होते. आत जाताना काळा झगा. घड्याळ, बांगड्या, मोबाइल बाहेर. खोलीतल्या प्रत्येक यंत्राच्या लहान लाल-हिरव्या दिव्यावर बाईंनी स्वतः काळी चिकटपट्टी लावलेली. तरीही सेन्सरवर टोपी घालून त्या पहिला आकडा अंधाराचा घ्यायच्या. तो मनाजोगा आला नाही तर खोलीत कुठून उजेड येतोय ते शोधत बसायच्या. दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, डोळे अंधाराला सरावले की एखादी फट दिसू लागायची. बाहेर भर दुपार, ट्रकचे हॉर्न, कुणीतरी कुणाला शिव्या घालतंय, आणि आत आम्ही दोघी एखाद्या स्क्रूच्या भोकातून येणारा उजेड शोधतोय. चिकटपट्टीचा तो रोल त्यांच्या पर्समध्ये कायम असायचा. माझ्या भावाच्या साखरपुड्याला आल्या तेव्हा हॉलमधल्या एसीचा दिवा सारखा मिचमिचत होता. बाईंनी खुर्ची ओढली, चपला काढल्या, वर चढून त्यावर पट्टी लावली आणि उतरून शांतपणे बासुंदी घेतली. माझ्या आईनं विचारलं, "ह्याच का गं तुझ्या सायंटिस्ट?"

बाईंचं माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. वडील परळला गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब चारकोपला सेक्टरमधल्या लहान घरात आलं, आणि लग्नानंतर बाईंनीही जवळच्याच सेक्टरमध्ये घर घेतलं. यजमान बसमध्ये कंडक्टर होते. फार कमी बोलणारा, उत्तम स्वयंपाक करणारा माणूस. बाईंचा डबा तेच भरायचे. बाई ऑफिसात साधं मुंबईचं मराठी बोलायच्या, पण रागावल्या किंवा फार खूश झाल्या की मालवणी सुरू व्हायची. ती कानावर पडली, की दोन्हीपैकी नेमकं काय झालंय याचा अंदाज घेत आम्ही थांबायचो.

माझ्या त्यांच्याबद्दलच्या आठवणींत एक वासाची आहे. अंधारखोलीत एक मोठा पोकळ गोळा होता, आतून दुधासारखा पांढरा. त्यात दिवा लावला की सगळीकडून सारखा उजेड यायचा आणि त्या उजेडावर सेन्सर तपासायचे. एका पावसाळ्यानंतर त्या गोळ्याचा निळा उजेड हळूहळू कमी व्हायला लागला. हिरवा, तांबडा ठीक. निळा मात्र रोज थोडा खाली. आम्ही दिवा बदलला, वायरी बदलल्या. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्याच्या तोंडात चक्क नाक घातलं.

"स्मिता, इकडे ये. वास घे."

मला थोडा थिनरसारखा वास आला.

"दिव्याचा दोष नाही. गोळ्यावर काहीतरी बसतंय."

समोरच्या गाळ्यातल्या अन्सारीभाईंनी फ्रेमांवर फवारायला नवीन पॉलिश आणलं होतं आणि त्यांचा पंखा ती वाफ पॅसेजमध्ये फेकत होता. आमचे मालक मेहतासाहेब म्हणाले, इस्टेटच्या कमिटीकडे तक्रार करतो. बाई म्हणाल्या, "तक्रार नंतर. आधी त्याला दाखवते." आणि अन्सारीभाईंना घेऊन आल्या. काळा झगा घातलेले अन्सारीभाई दाढीवरून हात फिरवत अंधारखोलीत उभे राहिले. बाईंनी आधी जुना आलेख दाखवला, मग नवा, मग गोळा.

"ये मेरे पॉलिश से हुआ?"

"आपके पॉलिश से. आपकी गलती नहीं है, आपको मालूम कैसे होगा. लेकिन ये डिब्बा ऊपर जाएगा तो गलत बोलेगा."

अन्सारीभाई बराच वेळ त्या गोळ्यात बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, ऊपर मतलब एकदम ऊपर?" बाई म्हणाल्या, "एकदम." त्यांनी त्याच आठवड्यात भिंत फोडून पंखा मागच्या बाजूला बसवला. त्यानंतर ते कुणालाही सांगायचे, "सॅटेलाइट में मेरा भी हाथ है." आणि बाई म्हणायच्या, "खरंच आहे. हात काढून घेतला हेही कामच."

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते.

आमचं एक हिरव्या उजेडाचं उपकरण वर गेलं आणि छान चाललं. त्याचे आकडे अभ्यासकांसाठी खुले होते. दोनेक वर्षांनी त्यावर एक शोधनिबंध आला. लिहिणारी रेणुका नावाची मुलगी, नांदेडकडची, विद्यापीठात पीएच.डी. करणारी. तिनं दाखवलं होतं की पहाटेच्या सुमारास वरच्या हवेतला हिरवा उजेड एकदम खाली बसतो आणि थोड्या वेळानं पुन्हा सावरतो. असं आधी कुणी पाहिलं नव्हतं. तिला परदेशातल्या परिषदेचं बोलावणं आलं. मेहतासाहेबांनी पेढे वाटले आणि तिचा आलेख फ्रेम करून रिसेप्शनच्या भिंतीवर लावला. आमच्याच दुसऱ्या उपकरणाची मोठी ऑर्डर तेव्हा ठरायच्या बेतात होती, त्यामुळे साहेबांना हा आलेख देवासारखा पावला होता.

बाई त्या आलेखासमोर पेढा हातात धरून उभ्या होत्या. सगळे पांगले तरी त्या तिथंच. पेढा त्यांनी तसाच खोक्यात परत ठेवला.

"स्मिता, हे सगळे आकडे काढ. घड्याळाच्या वेळेवर नको मांडूस. आपला उपग्रह सावलीतून उन्हात आल्यापासून किती वेळ झाला, त्यावर मांड."

उपग्रह उंचावर असतो, त्यामुळे सूर्य त्याला आधी दिसतो. खाली, जिथला उजेड तो बघत असतो तिथं, अजून रात्रच असते. मी आकडे पुन्हा मांडले. उन्हाळा, हिवाळा, विषुववृत्तावरचे, उत्तरेचे, सगळे खड्डे एकाखाली एक येऊन बसले. उपग्रहाला ऊन लागलं की ठरावीक वेळानं उजेड खाली बसत होता.

बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "वरच्या वाऱ्याला काय माहीत गं, आपला डबा उन्हात कधी आला ते?"

मला समजलं.

वर गेलेल्या उपकरणाचा एक जुळा आम्ही जमिनीवर ठेवला होता. बाईंनी तो निर्वात पेटीत घातला, त्याच्यासमोर हिरवा दिवा ठेवला, आणि वर जसं ऊन एका बाजूनं लागतं तसा एका बाजूनं ताप दिला. थोड्या वेळानं आकडा खाली बसला. मग हळूहळू सावरला. रेणुकाच्या आलेखातला खड्डा जसाच्या तसा आमच्या टेबलावर उमटला.

कारण साधं होतं. सेन्सरसमोर एक काच असते. ती फक्त तो एक हिरवा रंग आत सोडते. ती काच तापली की तिचा रंग जरासा सरकतो आणि हवा तो उजेड अडतो. हे बाईंना ठाऊक होतं. तापमानाप्रमाणे आकडा कसा दुरुस्त करायचा, हे त्यांनी आधीच बसवून दिलं होतं. पण तापमान मोजणारा लहानसा तुकडा होता बाहेरच्या कवचावर, ऊन लागायचं त्याच्या उलट्या बाजूला. ऊन लागलं की आतली काच आधी तापायची, कवचाच्या त्या बाजूला ते उशिरा कळायचं. मधल्या वेळात उपकरण खोटं बोलायचं. ताऱ्यांवरून आम्ही वरचेवर तपासणी करायचो, पण ताऱ्यात सगळेच रंग असतात, काच जराशी सरकली तरी तिथं फरक दिसत नाही. म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तो तुकडा कवचावर लावायचा, हे बाईंनी ठरवलं होतं. काचेजवळ लावला तर त्याच्या गोंदाची वाफ काचेवर बसेल, अशी त्यांना भीती होती. अन्सारीभाईंच्या पॉलिशनंतर ती भीती कुणालाही वाटली असती.

बाई मेहतासाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मला सोबत नेलं, आलेख दाखवायला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या डोक्यावर पंचवीस घरांचे पगार होते.

"मॅडम, दुरुस्ती करूच ना आपण. आकड्यांचं नवीन व्हर्जन काढू. खाली एक ओळ टाकू, तापमान-दुरुस्तीत सुधारणा. सगळे तसंच करतात."

"ती ओळ कोण वाचतं?"

"कोणी नाही वाचत. म्हणूनच तर." साहेबांनी हात जोडल्यासारखे केले. "ऑर्डरचा निकाल लागेपर्यंत तरी थांबा. दोन महिने."

"दोन महिन्यांत ती मुलगी परदेशात उभी राहून सगळ्या जगासमोर आपल्या काचेबद्दल बोलून येईल. हवेबद्दल बोलतेय असं समजून."

"ते तिच्या गाइडनं बघायचं."

बाईंचा आवाज चढला नाही. "साहेब, कंपनी तुमची आहे. पण त्या आकड्यांखाली सही माझी आहे. मी आज तिला फोन करणार. तुम्हाला विचारायला नाही आले, सांगायला आले. नोकरीवरून काढलंत तरी माझी तक्रार नाही."

साहेबांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. शेवटी म्हणाले, "माझ्यासमोर करू नका एवढंच."

बाईंनी पॅसेजमध्ये उभं राहून फोन केला. मी येते तुझ्याकडे, असं त्या म्हणत होत्या. पलीकडून रेणुका म्हणाली, नको, मीच येते, मला डोळ्यांनी बघायचंय.

ती आली तेव्हा चेहऱ्यावर झोप झाल्याची खूण नव्हती आणि विश्वासही नव्हता. सडपातळ, ताठ मानेची मुलगी. तिनं येतानाच प्रश्न लिहून आणले होते, आणि ते चांगले होते. बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. मग काळा झगा दिला आणि म्हणाल्या, "आता सगळं तू चालव. मी कशाला हात लावणार नाही. नाहीतर तुला वाटेल मी करून दाखवलं."

अंधारखोलीत आम्ही तिघी. रेणुकानं अंधाराचा आकडा घेतला. ताप सुरू केला. आकडा बसला. तिनं सगळं थंड होऊ दिलं, पुन्हा केलं. पुन्हा बसला. मग तिनं ताप उलट्या बाजूनं, तापमान मोजणारा तुकडा होता त्या बाजूनं दिला. हा प्रयोग आम्हाला सुचला नव्हता. खड्डा आला नाही. तिथं तिची खात्री पटली असावी, कारण तिनं स्वतःच ताप बंद केला.

"तुम्हाला तेव्हाच का नाही कळलं?" अंधारातून तिचा आवाज आला.

मी गोंदाबद्दल, वाफेबद्दल सांगायला तोंड उघडलं. बाईंचा हात माझ्या दंडावर आला.

"नाही कळलं," बाई म्हणाल्या. "चूक माझी."

"गावात बाबांनी सगळ्यांना सांगितलंय. पासपोर्ट काढलाय मी."

"हो."

"तुम्ही नुसतं हो म्हणताय!"

"दुसरं काय म्हणू, बाळा? जे म्हणेन ते माझ्या सोयीचं असेल."

रेणुका रडली. बाईंनी तिला जवळ घेतलं नाही, समजूत घातली नाही, फक्त बाहेर गेल्या नाहीत. नंतर पडदा सारून आम्ही उजेडात आलो तेव्हा तिघींचेही डोळे दिपले. बाईंनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "सगळे आकडे नव्यानं दुरुस्त करायला हवेत. माझ्याकडे जुळा आहे. पण कुठली पहाट कशी होती ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आपण दोघी मिळून केलं तर होईल. तुझ्या गाइडसमोर, परिषदेच्या लोकांसमोर, जिथं लागेल तिथं मी येऊन सांगेन."

"मला कुणाची दया नकोय," रेणुका म्हणाली आणि चहा न पिता निघून गेली.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळा उघडायला आले, तर ती जिन्यावर बसली होती. शेजारी बॅग. अन्सारीभाईंनी तिला आपल्या गाळ्यातली खुर्ची देऊ केली होती, ती रिकामीच होती. मला म्हणाली, "मॅडम किती वाजता येतात?"

पुढचे काही आठवडे ती चारकोपला बाईंच्या घरीच राहिली. घर मासे खाणारं आणि ही माळकरी घरातली. गावडेकाकांनी तिच्यासाठी वेगळी भांडी काढली आणि रोज नव्या भाज्या शिकले. बाईंची बाजारातल्या कोळणीकडची खेप त्या दिवसांत बंद झाली. एरवी त्या कोळणीवर बाईंचा फार जीव. ती वजन करत नसे, वाटे लावून विकायची. बाई म्हणायच्या, "हिच्याकडे काटाच नाही, म्हणजे काटा खोटा असायची भीती नाही."

दोघींचं पटलं असं मी म्हणणार नाही. रेणुका कधी तासभर गप्प राहायची, कधी एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून भांडायची. बाई भांडण ऐकून घ्यायच्या आणि मुद्दा चुकीचा असेल तर तेवढ्यापुरतं स्पष्ट "नाही" म्हणायच्या. अपराधी वाटतंय म्हणून त्यांनी तिला एकही चुकीचा आकडा सोडून दिला नाही. एकदा मी जेवताना ऐकलं. रेणुका म्हणत होती, "जरासा खड्डा अजून उरतोय. तो तरी खरा असेल." बाई म्हणाल्या, "असला तर मलाच सगळ्यात बरं वाटेल. म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास नाय." तपासल्यावर तोही गेला. पहाटेचा उजेड जुन्या पुस्तकांत सांगितलाय तसाच, हळूहळू, कुठंही न अडखळता मावळत होता. नवं काही नव्हतं. रेणुका त्या साध्या उतरत्या रेषेकडे बघत राहिली आणि पहिल्यांदाच हसली. "किती बोअरिंग आहे," ती म्हणाली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "आता बरां झाला!"

बाईंनी सगळ्या अभ्यासकांना जाहीर निवेदन पाठवलं. त्यात 'सुधारणा' हा शब्द नव्हता. तापमापक कुठं बसवला, कुणी ठरवलं, त्यामुळे काय चुकलं, कोणकोणत्या काळातले आकडे वापरू नयेत, सगळं होतं. रेणुकानं निबंध स्वतःहून मागे घेतला आणि दुरुस्तीचा नवा निबंध दोघींच्या नावानं आला. आधी तिचं, मग बाईंचं. परिषदेला ती गेलीच. तिच्या मूळ विषयावर बोलायला नाही, तर चूक कशी सापडली ते सांगायला. बाई सोबत जायला तयार होत्या. रेणुका म्हणाली, "मी सांगेन ना, मॅडम. मला जमेल." पीएच.डी.ला तिला आणखी बराच काळ लागला. आज ती नांदेडकडेच एका कॉलेजात शिकवते.

आमची ती ऑर्डर दुसरीकडे गेली. साहेब बरेच दिवस बाईंशी कामापुरतंच बोलले. रिसेप्शनमधली फ्रेम उतरली, भिंतीवर तिचा चौकोन राहिला. पण बाईंना कुणी काढलं नाही, आणि त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात जे सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं. "ह्या बाईंमुळे माझी एक ऑर्डर गेली. ते मी विसरलेलो नाही. पण आता लोक मला विचारतात, तुमचे आकडे कोण काढतं? मी ह्यांचं नाव सांगतो. मग पुढं कुणी काही विचारत नाही." बाई मान खाली घालून ऐकत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "बरा बोलला हो." मला वाटलं आता त्या काहीतरी दुरुस्ती सुचवतील. नाही सुचवली.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला चारकोपला गेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मला वाटलं पडून असतील. त्या गॅलरीत उभ्या होत्या आणि मला बघताच एखाद्या शाळकरी मुलीसारख्या ओरडल्या, "स्मिता, मला फसवलंय गो ह्या डोळ्यानं! कित्येक वर्षं!"

ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं भिंत पांढरी दिसत होती, दुसऱ्यानं चहात बुडवल्यासारखी. इतकी वर्षं त्या घराचा रंग क्रीम समजत होत्या. मग त्यांनी मला सगळं घर दाखवलं, एका डोळ्यानं आणि मग दुसऱ्या डोळ्यानं: काकांचा शर्ट, दुधाचं पातेलं, कुंडीतली अबोली. डॉक्टरला त्यांनी दुसरं ऑपरेशन थोडं पुढं ढकलायला लावलं होतं. "एकदा दोन्ही नवे झाले की जुनं कसं दिसायचं ते कुणाला विचारू?"

संध्याकाळी मी निघाले तेव्हा दोघं मला रिक्षापर्यंत सोडायला खाली आले. सेक्टरच्या रस्त्यावर मुलं क्रिकेट खेळत होती, कांदाभजीची गाडी नुकतीच लागली होती. सूर्य खाली गेला होता आणि इमारतींच्या मागे आभाळ अजून उजळ होतं. रिक्षा वळली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. बाई रस्त्याच्या मध्येच थांबल्या होत्या, मान वर करून, एक हात डाव्या डोळ्यावर. मग तो हात उजव्या डोळ्यावर. पुन्हा डाव्यावर. मागून एक स्कूटर हॉर्न वाजवत होती. काकांनी त्यांचं कोपर धरून त्यांना कडेला ओढलं.

"गो, रस्त्याकडे बघ. आभाळ खंय जाणां नाय."

"जातला," बाई वरच बघत म्हणाल्या. "पाच मिनिटांत काळोख पडतलो. सोडा माका, बघू द्या."

काकांनी कोपर सोडलं नाही, पण पाऊलही पुढं टाकलं नाही. त्यांनी हात दाखवून स्कूटरवाल्याला बाजूनं जायला सांगितलं, आणि मग आपलीही मान वर केली.